दोन कुऱ्हाडे

शेरा हा मोठा गमतीचा शब्द आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तो असतो ("हुशार आहे, पण वर्गात फार बोलते"), सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीत त्याचा स्वतंत्र रकाना असतो, आणि कचेरीतल्या फायलीच्या समासात साहेबांनी मारलेला शेरा म्हणजे तर विषयच संपला. शेरा "देतात" नाहीतर "मारतात". शेऱ्याला उत्तर द्यायची पद्धत आपल्याकडे फारशी नाही.

माझ्या धंद्यात मात्र ती आहे, आणि रोजची आहे. हा ब्लॉग माझ्या मावश्या, आत्या आणि त्यांची मुलं वाचतात, आणि "तू नक्की करतेस काय गं?" हा प्रश्न दर लग्नात एकदा तरी येतोच, म्हणून आधी ते सांगून टाकते. सॉफ्टवेअर वापरणारा माणूस जे जे करेल, म्हणजे नाव टाईप करणं, बटण दाबणं, यादीतून एक निवडणं, ते सगळं यंत्राकडून करवून घेणारे प्रोग्रॅम मी लिहिते. रात्री सगळे झोपलेले असताना हे प्रोग्रॅम आपोआप पडदे उघडतात, फॉर्म भरतात आणि सकाळी सांगतात की काल चालत होतं ते आज चालतंय का. ह्याला आम्ही यूआय टेस्ट म्हणतो. ही टेस्टसुद्धा कोडच असते, त्यामुळे ती मुख्य कोडात जाण्याआधी कुणीतरी सहकारी वाचतो आणि ओळीओळीशेजारी शेरे लिहितो. प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. एकतर बदल करायचा, नाहीतर का करत नाही ते सांगायचं.

गेल्या महिन्यात माझ्या एका टेस्टवर अकरा शेरे आले. शेरे देणारा मुलगा हुशार आहे, नांदेडकडचा आहे, आणि माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहे. उत्तरं लिहिता लिहिता माझ्या लक्षात यायला लागलं की ह्यातले बरेचसे शेरे त्या मुलाइतके, काही तर त्याच्याहून जुने आहेत. त्याला ते कुणीतरी शिकवले, त्या कुणालातरी आणखी कुणीतरी. मग मी मागे मागे जात राहिले.

दुसऱ्याचा कोड वाचायचा, ह्या कल्पनेचं सगळ्यात प्रेमळ वर्णन जेराल्ड वाइनबर्ग ह्यांच्या १९७१ सालच्या 'द सायकॉलॉजी ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' ह्या पुस्तकात आहे. वाइनबर्ग अमेरिकेच्या पहिल्या मानवी अवकाश मोहिमेत, म्हणजे मर्क्युरी प्रकल्पात काम केलेले गृहस्थ. (मर्क्युरी हे नाव लक्षात ठेवा, पुढे वेगळ्याच संदर्भात येणार आहे.) त्यांनी 'अहंकारविरहित प्रोग्रॅमिंग' असा एक विचार मांडला. माणूस आपला प्रोग्रॅम म्हणजे आपणच असं धरून चालतो, म्हणून त्यातली चूक त्याला दिसत नाही आणि दुसऱ्याने दाखवली तर सोसत नाही. त्यांनी जॉन फॉन नॉयमनचं उदाहरण दिलंय. एवढा मोठा गणिती, पण मी किती वाईट प्रोग्रॅमर आहे असं सांगत सुटायचा आणि आपले प्रोग्रॅम लोकांना वाचायला द्यायचा म्हणे. दुसरा किस्सा बिल नावाच्या प्रोग्रॅमरचा. त्याने आपला कोड मॅरिलिन नावाच्या सहकारी बाईंना वाचायला दिला. तेरा ओळींत सतरा चुका निघाल्या! आणि हा बाबा दिवसभर ऑफिसभर हसत हसत ते सांगत फिरला. मॅरिलिनबाई मात्र हसण्यात वेळ न घालवता पुन्हा वाचायला बसल्या. सतरा निघाल्या म्हणजे आणखीही असणार, हा त्यांचा हिशोब. आणखी तीन काढल्या त्यांनी.

मला ह्या गोष्टीत बिलपेक्षा मॅरिलिनबाई जास्त आवडतात. असो.

ह्या प्रेमळपणाचं रूपांतर शिस्तीत केलं आयबीएममधल्या मायकेल फेगन ह्यांनी. १९७६ साली 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला आणि 'इन्स्पेक्शन' हा शब्द आमच्या धंद्यात रूढ झाला. फेगनचा मूळ पिंड कारखान्यातल्या गुणवत्ता तपासणीचा असावा असं तो लेख वाचताना वाटतं, इतकं सगळं मोजून मापून आहे. आधी सगळ्यांना ओळख करून द्यायची, मग प्रत्येकाने एकट्याने वाचून यायचं, मग एकत्र बसायचं, मग दुरुस्ती, आणि शेवटी दुरुस्ती खरंच झाली का ते पाहायचं. बैठक दोन तासांच्या वर न्यायची नाही, कारण त्यानंतर माणसाला चुका दिसेनाशा होतात. बैठकीत चुका फक्त शोधायच्या, उपाय शोधत बसायचं नाही. पाच टक्क्यांहून जास्त भाग बदलला असेल तर पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायचं.

आणि दोन गोष्टी अशा की ज्यासाठी मी हा लेख नव्या मुलांना वाचायला लावते. एक, निघालेल्या चुकांचा आकडा त्या माणसाच्या पगारवाढीशी कधीही जोडायचा नाही, हे फेगनने स्पष्ट बजावलंय. दुसरी म्हणजे, खोलीत माणसं चार: बैठक चालवणारा, आराखडा करणारा, कोड लिहिणारा, आणि चौथा टेस्टर. १९७६ साली! मी ह्या धंद्यात आले तेव्हा पुण्यातल्या बऱ्याच ठिकाणी टेस्टरला कोड बघायचीसुद्धा परवानगी नसायची. "तुम्ही स्क्रीन बघा" असं म्हणायचे. आपल्याकडे नवीन म्हणून आलेल्या कितीतरी गोष्टी अशा आधीच कुणीतरी लिहून ठेवलेल्या असतात.

फेगनच्या खोलीतला टेस्टर दुसऱ्याचा कोड वाचत होता. टेस्टरनेच कोड लिहिलाय आणि बाकीचे तो वाचतायत, हे बरंच नंतरचं. त्याची सुरुवात, निदान माझ्या आवडीची सुरुवात, एका माकडापासून होते.

१९८३ साल. ॲपलमध्ये पहिल्या मॅकिन्टॉशचं काम शेवटच्या टप्प्यात होतं. स्टीव्ह कॅप्स ह्या प्रोग्रॅमरने माउस आणि कीबोर्डच्या हालचाली नोंदवून पुन्हा चालवायची एक सोय केली होती. तिचाच उपयोग करून त्याने 'मंकी' नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. हे माकड पडद्यावर वाट्टेल तिथे क्लिक करायचं, वाट्टेल ते टाईप करायचं, आणि तेही प्रचंड वेगाने. मॅकराईट आणि मॅकपेंट हे दोन मोठे प्रोग्रॅम माकडाच्या ताब्यात दिले की थोड्याच मिनिटांत कोसळायचे, बहुतेक वेळा मेमरी संपून. मग ते दुरुस्त करायचे, पुन्हा माकड सोडायचं. अडचण एकच होती. माकडच ते, कधी ना कधी 'बाहेर पडा'वर क्लिक करायचं आणि खेळ खलास. म्हणून मॅकमध्ये एक खूण ठेवली गेली, 'मंकी लिव्ह्ज' नावाची. ती खूण दिसली की माकड कामावर आहे असं समजून मॅकराईटने आपलं बाहेर पडायचं दार बंद ठेवायचं.

ही गोष्ट मी माझ्या तिसऱ्या शेऱ्याच्या उत्तरात जवळजवळ जशीच्या तशी लिहिली. शेरा असा होता: "टेस्टच्या सोयीसाठी प्रॉडक्टच्या कोडात एक जादा ॲट्रिब्यूट का टाकलंय? टेस्टने प्रॉडक्टला हात लावू नये." ऐकायला तत्त्व फार शुद्ध आहे. पण चाळीसएक वर्षांपूर्वी ज्यांना मेमरीचा बाइट न् बाइट महाग होता, त्यांनीसुद्धा टेस्टसाठी एक खूण राखून ठेवली होती. मी शोधाच्या चौकटीला फक्त एक न दिसणारं नाव दिलं होतं, म्हणजे उद्या चौकट डावीकडून उजवीकडे गेली तरी टेस्टला ती सापडेल. वापरणाऱ्याला काहीच फरक नाही. शेरा मागे घेतला गेला, वर एक माकडाचं चित्रही आलं :-)

मग येतं मर्क्युरी. अवकाशवालं नव्हे. मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह ही कंपनी १९८९ साली इस्राएलमध्ये सुरू झाली, आणि तिचं विनरनर हे साधन माझ्या पिढीच्या टेस्टरांची बाराखडी होतं. आपण पडद्यावर काम करायचं, ते नोंदवून घ्यायचं, आणि त्याचा प्रोग्रॅम आपोआप तयार व्हायचा. विनरनर शिकवणारे क्लास तेव्हा पुण्यात इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासइतके झाले होते. साधन चांगलंच होतं, पण लायसन्स असं महाग की दहा जणांच्या टीममध्ये दोघांच्याच मशीनवर असायचं आणि बाकीचे रांगेत.

२००४ साली शिकागोमध्ये थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स हा माणूस कंपनीच्याच अंतर्गत वापरासाठी वेळेचा आणि खर्चाचा हिशोब ठेवणारं एक वेब ॲप्लिकेशन करत होता. तेच तेच हाताने तपासून कंटाळा आला म्हणून त्याने ब्राउझरच्या आतच चालणारा एक जावास्क्रिप्ट प्रोग्रॅम लिहिला. पुढे तो सगळ्यांना फुकट खुला केला. नाव ठेवलं सेलेनियम. का, तर पाऱ्याची विषबाधा झाली की सेलेनियम घ्यावं, असा त्याचा विनोद. इंग्रजीत पारा म्हणजे मर्क्युरी! सेलेनियम हे नाव मुळात ग्रीक चंद्रदेवतेवरून आलेलं, बर्झेलियस ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१७ साली शोधलेल्या मूलद्रव्याचं. मर्क्युरी कंपनी २००६ मध्ये एचपीने साडेचार अब्ज डॉलरच्या आसपास देऊन विकत घेतली. सेलेनियम अजून फुकटच आहे.

आता ज्या शेऱ्यावर सगळ्यात जास्त शाई (म्हणजे कळा) खर्ची पडतात तो: "इथे पाच सेकंदांची झोप कशाला? काढा." झोप म्हणजे टेस्टमधली 'इतके सेकंद काही करू नकोस' अशी आज्ञा. ही झोप आमच्या जुन्या सामायिक फाईलमध्ये कितीतरी वर्षं पडून आहे आणि माझी टेस्ट तिला बोलावत होती. ती तिथे का आली, ह्याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर अजॅक्स. आधी वेबवर काहीही केलं की अख्खं पान नव्याने यायचं. टेस्टला कळायचं, पान आलं म्हणजे काम झालं. सेलेनियममध्ये त्यासाठी 'क्लिक करून थांब' अशी आज्ञाच होती. मग २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट ह्यांनी ह्या नव्या तऱ्हेला अजॅक्स हे नाव दिलं. पान तिथेच राहतं, फक्त हवा तो तुकडा मागच्या दाराने येऊन बदलतो. वापरणाऱ्याला सुख, पण टेस्टची खूणच गेली. काम झालं की नाही हे कळणार कसं? माणूस काय करतो, दोन मिनिटं थांबून पाहतो. टेस्टरनेही तेच लिहिलं. थांब पाच सेकंद.

हिशोब करून पाहा. चारशे टेस्ट, प्रत्येकीत तीन झोपा, प्रत्येक झोप पाच सेकंदांची. सहा हजार सेकंद, म्हणजे शंभर मिनिटं नुसती झोप! आणि तरी ज्या दिवशी सर्व्हरला सहा सेकंद लागतात त्या दिवशी टेस्ट नापास ती नापासच. सायमन स्ट्युअर्ट ह्यांचं वेबड्रायव्हर नंतर सेलेनियममध्ये मिसळलं, २०११ साली सेलेनियम २ म्हणून बाहेर आलं, आणि २०१८ साली वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक झालं. त्यात थांबायची शहाणी रीत आहे. दर अर्ध्या सेकंदाला डोकावायचं, हवं ते दिसलं की लगेच पुढे, आणि अमुक सेकंदांत नाहीच दिसलं तर नापास. मायक्रोसॉफ्टचं प्लेराईट २०२० साली आलं, ते तर न सांगताच असं थांबतं. माझ्या टेस्टपुरती झोप काढून मी ही रीत घातली. जुन्या फाईलमधली झोप मात्र काढली नाही आणि उत्तरात तसं स्पष्ट लिहिलं. तिच्यावर आणखी दोनशे टेस्ट झोपल्यात, त्यांना उठवायचं काम वेगळं करावं लागेल.

"एक्सपाथ वापरू नका, मंद असतो" हाही एक शेरा होता. एक्सपाथ म्हणजे पानातली एखादी गोष्ट कुठे आहे त्याचा पत्ता लिहायची भाषा, १९९९ पासूनची. ती मंद आहे हा समज इंटरनेट एक्सप्लोररने दिलेला आहे. त्या ब्राउझरला वेबपानातला एक्सपाथ स्वतःहून कळायचाच नाही, म्हणून सेलेनियमला तो जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या दुभाष्यामार्फत समजावून द्यावा लागे, आणि तो दुभाषी रांगत चालायचा. ब्राउझर गेला, दुभाषी गेला, समज मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. खरा त्रास पत्त्याच्या भाषेचा नसतोच. "तिसऱ्या तक्त्यातली दुसरी ओळ, तिच्यातला पाचवा रकाना" असा पत्ता लिहिला की मधे एक ओळ वाढताच टेस्ट भलत्याच्या दारात जाऊन उभी राहते. मी अक्षरांवरून पत्ता लिहिला होता: ज्या बटणावर 'शोधा' असं लिहिलंय ते. तो तसाच ठेवला.

मधले चारपाच शेरे नावांचे आणि मोकळ्या जागांचे होते. ते निमूटपणे केले. त्यात वाद घालण्याइतकं आयुष्य कुणाकडे आहे?

नववा शेरा असा: "खाली डेटाच्या तक्त्यात 'कुऱ्हाडे' ही ओळ दोनदा आली आहे. एक काढा." आणि त्याला लागूनच अकरावा: "ती काढली तर ही टेस्ट आणि आधीची शोधाची टेस्ट एकच होतात. मग ही नकोच. चाळीस सेकंद वाचतील."

इथे थांबून ही टेस्ट मुळात का लिहिली ते सांगायला हवं. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. एका शाखेतून तक्रार आली होती की एक वयस्कर खातेदार बाई पासबुक हातात घेऊन काउंटरवर उभ्या आहेत आणि काउंटरवरच्या मुलीला त्यांचं नाव पडद्यावर सापडत नाहीये. खातेक्रमांकाने शोधलं की बाई हजर. नावाने शोधलं की गायब. असं आधीही एकदा झालं होतं, तेव्हा कुणीतरी त्यांचं खातंच नाही असं समजून दुसरं उघडून दिलं होतं. वारसाची नोंद एका खात्यावर, पैसे दुसऱ्यावर. (आडनाव मी बदललंय. पण त्यातला तो ऱ्ह तोच.)

हा आडव्या रेघेचा र मराठीच्या जिव्हाळ्याचा आहे. आचार्यांना जेवायला बोलवायचं की आचाऱ्यांना, हे तोच ठरवतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही, त्यामुळे कॉम्प्युटरवर त्याची सोय झाली ती जरा वळणावळणाने. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केलं. आपल्या पुण्यातल्या सी-डॅकच्या जिस्ट गटाचं कीबोर्ड आणि कार्डांचं सगळं काम त्याच परंपरेतलं. युनिकोडची देवनागरीही इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली. पण १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये हा र लिहायची रीत अशी होती: साधा र, त्याला हलन्त, आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह, क्रमांक २००डी. पुढे इस्कीशी जुळवून घेताना दुसरी रीत मुख्य ठरली: ०९३१ क्रमांकाचा टिंबवाला ऱ आणि त्याला हलन्त. (हा टिंबवाला ऱ मुळात दाक्षिणात्य भाषांमधला कडक र देवनागरीत लिहिण्यासाठी आहे. आपल्या आचाऱ्यांचा र तमिळ पाहुण्याकडून उसना घेतलाय म्हणायचा.) जुन्या रीतीने लिहिलेला मजकूर वाया जाऊ नये म्हणून तीही चालू ठेवली. म्हणजे एकाच अक्षराला दोन रस्ते, दोन्ही कायदेशीर, आणि पडद्यावर काडीचाही फरक नाही. युनिकोडमध्ये अशा दुहेरी लेखनाला एकरूप करायचे ठरलेले नियम असतात, पण ते ह्या दोघांना एक मानत नाहीत.

आता पतसंस्थेचं पाहा. जुना डेटा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमधला. तो कन्व्हर्टरने बदलला, आणि त्या कन्व्हर्टरने एक रस्ता धरला. काउंटरवरची मुलगी आज ज्या कीबोर्डवर टाईप करते तो दुसरा रस्ता धरतो. दोन्ही बाजूंना 'कुऱ्हाडे' असंच दिसतंय आणि यंत्र म्हणतंय, हे दोन वेगळे शब्द आहेत. डेव्हलपरांनी शोधायच्या आधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची दुरुस्ती केली, आणि ती दुरुस्ती उद्या कुणी नकळत काढून टाकू नये म्हणून माझी टेस्ट. तक्त्यातल्या त्या दोन ओळी म्हणजे ते दोन रस्ते.

नववा शेरा मला अजिबात मूर्खपणाचा वाटला नाही. मराठी मुलगा, मराठी वाचतो, त्याला दोन सारखे शब्द दिसले. त्याच्या जागी मीही हेच लिहिलं असतं. गंमत अशी की एकसारख्या ओळी आपोआप हुडकणारं एक साधन आमच्याकडे प्रत्येक बदलावर चालतं, आणि ते ह्या दोन ओळींबद्दल गप्प होतं. त्याला ते बाइट दिसत होते. मी उत्तरात प्रत्येक ओळीचे बाइट उलगडून दिले, ०९३१ एकीकडे आणि २००डी दुसरीकडे, त्या बाईंच्या तक्रारीचा क्रमांक दिला, आणि लिहिलं की ओळ काढणार नाही, टेस्टही काढणार नाही. चाळीस सेकंद राहू द्या.

२०१३ साली मायक्रोसॉफ्टमधल्या कोड रिव्ह्यूंचा एक अभ्यास अल्बर्टो बाकेली आणि क्रिश्चन बर्ड ह्यांनी प्रसिद्ध केला होता. रिव्ह्यू कशासाठी करता विचारलं तर लोक म्हणतात चुका शोधायला. प्रत्यक्ष शेरे पाहिले तर चुकांचे शेरे अपेक्षेपेक्षा कमी, आणि एकमेकांना माहिती मिळणं, कोड समजणं हा भाग मोठा. तो अभ्यास मी तेव्हा चाळला होता आणि मनात म्हटलं होतं, बरं. एवढंच. नवव्या शेऱ्यावर त्या मुलाची आणि माझी जी देवाणघेवाण झाली ती दोन दिवस चालली, आणि फेगनच्या खोलीत ती झालीच नसती, कारण तिथे उपायावर चर्चा करायला बंदी. आताचे रिव्ह्यू ब्राउझरमध्ये, आपापल्या वेळेला, लेखी होतात. ह्याही पद्धतीला घराणं आहे. पायथॉन भाषेचे जनक गुइडो फान रॉसम गूगलमध्ये गेल्यावर त्यांनी २००६ च्या सुमारास रिव्ह्यूसाठी 'मोंद्रियान' नावाचं साधन केलं, डच चित्रकाराच्या नावाचं. मग २००८ मध्ये सगळ्यांसाठी 'रीटफेल्ड', आणि त्यातून ॲन्ड्रॉइडच्या कामासाठी निघालं 'गेरिट'. गेरिट रीटफेल्ड म्हणजे लाल-निळी खुर्ची करणारा डच वास्तुकार. एकाच माणसाचं आडनाव एका साधनाला आणि नाव दुसऱ्याला. नावांच्या बाबतीत प्रोग्रॅमर मंडळी पाऱ्यापासून खुर्चीपर्यंत कुठेही जातात.

तर त्या मुलाचं उत्तर आलं. त्याने आधी विचारलं की संपादकाने किंवा फॉर्मॅटरने ते अदृश्य चिन्ह कधी गिळलं तर? रास्त प्रश्न. म्हणून आम्ही दोन्ही ओळी अक्षरांऐवजी क्रमांकांनी लिहिल्या, आणि प्रत्येक ओळीला नाव दिलं, 'टिंबवाला र' आणि 'जोडचिन्हवाला र'. आता कुणालाच त्या सारख्या दिसणार नाहीत. मग त्याने आणखी एक शेरा टाकला, बारावा. गावाकडच्या एका अर्जावर त्याने स्वतःच्या आजोळचं आडनाव 'कुर्हाडे' च्या धर्तीवर, रफार देऊन छापलेलं पाहिलं होतं. जोडचिन्ह गिळलं गेलं की नेमकं हेच होतं: हलन्त उरतो, आणि र उडी मारून ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. अनेक ठिकाणी सुरक्षिततेच्या नावाखाली सगळी अदृश्य चिन्हं सरसकट झाडून काढतात. "तुमच्या टेस्टमध्ये हा तिसरा कुऱ्हाडे का नाही?" असं त्याने विचारलं.

तिसरी ओळ टाकली. टेस्ट चालवली. पहिल्या दोन पास, तिसरी नापास. शोधाला तो तिसरा कुऱ्हाडे सापडत नाही. त्यावर टीममध्ये दोन मतं पडली. ते चुकीचंच लेखन आहे, त्याला शोधाने का ओळखावं, हे एक मत. आणि पासबुकावर तसं छापून गेलं असेल तर खातेदाराने काय करायचं, हे दुसरं. मी दुसऱ्या बाजूची. शेवटी पहिल्या दोन ओळींसह टेस्ट मुख्य कोडात गेली, आणि तिसरी ओळ वेगळ्या नोंदीत, त्या मुलाच्या नावाने. ती नोंद अजून उघडी आहे. आधी एकूण किती नावं अशी रफारात अडकलीत ते शोधायचं ठरलंय, आणि ते शोधणारी क्वेरी तो लिहितोय. तिचा रिव्ह्यू माझ्याकडे येणार आहे.